‘ओन्ली’ची जागा

कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणं हा माझा व्यवसाय आहे. जिल्हा न्यायालयात फिर्याद, पंचनामा, जबाब, उलटतपासणी असं बहुतेक सगळं मराठीत होतं. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं की तेच कागद इंग्रजीत लागतात, कारण राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतून चालतं. बीड, परभणी, जालन्याकडचे वकील कागद पाठवतात, पानावर दर ठरतो, आणि शेवटच्या पानावर हे भाषांतर खरं व बिनचूक असल्याचं लिहून मी सही करते.

त्या सहीच्या वर माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक क्रियाविशेषणांच्या होत्या. नाम चुकलं तर ते सहसा पकडलं जातं. कोयत्याची कुऱ्हाड झाली की जप्त मुद्देमालाच्या यादीशी मेळ बसत नाही. क्रियापदाचा काळ चुकला तर वाक्य वाचतानाच खटकतं. क्रियाविशेषण चुकलेलं वाक्य मात्र सरळ, शुद्ध, वाचायला सोपं दिसतं आणि भलतंच काही सांगतं. नव्यानं या कामाला लागलेली मुलं-मुली हल्ली माझ्याकडे येतात. त्यांना व्याकरणाचं पुस्तक मिळेल. माझ्या चुका मात्र माझ्याशिवाय कोण सांगणार? म्हणून त्या लिहून ठेवते आहे.

माझं शिक्षण परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झालं. इंग्रजी पाचवीपासून. क्रियाविशेषण म्हणजे विशेषणाला ‘ली’ लावायचं, एवढा एक नियम डोक्यात पक्का बसला होता. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. परीक्षेत तो नियम चालला, गुणही मिळाले. व्यवसायात आल्यावर मी तोच नियम जिथे तिथे चालवला आणि अपघाताच्या कागदांत ‘ही ड्रोव्ह फास्टली’ असं लिहीत गेले. मराठी फिर्यादीत ठरलेले शब्द असतात: भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून. त्यातल्या भरधावला मी ‘फास्टली’ करत होते. असा शब्द इंग्रजीत नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळत होता, म्हणून कुणी बोललं नाही.

‘हार्डली’च्या वेळी तसं झालं नाही. अपघातात एक शेतकरी गेला होता. वय अडतीस, मागे बायको आणि दोन लहान मुलं. न्यायाधिकरणानं दिलेल्या भरपाईविरुद्ध विमा कंपनी अपिलात आली होती आणि वाद होता तो त्याच्या उत्पन्नाचा. बायकोनं साक्षीत सांगितलं होतं की तिचा नवरा शेतात खूप कष्टानं काम करायचा, शिवाय रोजंदारीलाही जायचा. मी लिहिलं, ‘माय हजबंड हार्डली वर्क्ड इन द फील्ड.’ म्हणजे माझा नवरा शेतात काम जवळजवळ करतच नसे.

या वाक्यानं काय झालं असतं ते आकड्यांतच सांगायला हवं. २००९ सालच्या सरला वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भरपाईच्या हिशेबाची पद्धत ठरवून दिली. अडतीस वर्षांच्या माणसासाठी गुणक पंधरा. अवलंबून असणारे तिघे असतील तर उत्पन्नातला एक तृतीयांश भाग मृताच्या स्वतःच्या खर्चाचा धरून वजा होतो. म्हणजे महिन्याच्या उत्पन्नात एका हजाराचा फरक पडला की भरपाईत निदान एक लाख वीस हजारांचा फरक पडतो. मजुरीची पावती कुठे नव्हती. होती ती फक्त त्या बाईची साक्ष. वकिलांच्या कचेरीतल्या एका ज्युनिअर मुलीनं दाखल करण्याच्या आदल्या संध्याकाळी पान वाचलं आणि मला फोन केला. ‘मॅडम, हे बाईंच्या विरुद्ध जातंय.’ मी पान बदलून दिलं. दाखल झालं नाही, एवढंच.

नंतर मी याचं मूळ शोधलं, कारण नियम पाळूनही चूक का झाली हे मला समजून घ्यायचं होतं. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक स्वर जोडून क्रियाविशेषण करण्याची पद्धत होती. काळाच्या ओघात तो स्वर उच्चारातून गळून गेला आणि हार्ड, फास्ट, लेट, हाय असे शब्द दोन्ही कामांसाठी एकाच रूपात उरले. ‘ली’ लावलेली रूपंही बनली होती, पण त्यांतल्या काहींचे अर्थ हळूहळू बाजूला सरकले. ‘हार्डली’चा जुना अर्थ जोरानं, कठोरपणे असाच होता, पुढे तो ‘जेमतेम’वर आला. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘हायली’ उंची सांगत नाही, ‘अतिशय’ असं सांगतं. शाळेत आम्हाला हा इतिहास दोन वाक्यांत सांगितला असता तरी पुरला असता. नियमाच्या मागचं कारण कळलं की अपवाद वेगळे पाठ करावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

‘ली’ची दुसरी चूक याच्या उलट टोकाची. जिथे क्रियाविशेषण नकोच तिथे मी ते घालत होते. रात्रीच्या गस्तीवरच्या एका पोलीस शिपायाच्या जबाबात होतं की तो इसम घाबरलेला व संशयास्पद दिसत होता. दिसणं हे क्रियापद, मग त्याच्याबद्दलचा शब्द क्रियाविशेषण, असा विचार करून मी ‘ही लुक्ड नर्व्हसली अँड सस्पिशसली’ असं लिहिलं. त्याचा अर्थ तो इसम घाबरून आणि संशयानं दुसऱ्या कुणाकडे तरी बघत होता. संशय पोलिसाचा, पण इंग्रजीत तो आरोपीच्या डोळ्यांत जाऊन बसला. लुक, स्मेल, फील, साउंड ही क्रियापदं कर्त्याची अवस्था सांगतात तेव्हा त्यांच्यामागे विशेषण येतं. करण्याची रीत सांगायची असेल तरच ‘ली’. मराठीत दिसणं आणि बघणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीनं दोन्हींना लुक हाच शब्द दिला आहे आणि कुठलं लुक हे पुढच्या शब्दाच्या रूपावरून ओळखायचं आहे. हे मला फार उशिरा उमगलं, आणि तोवर किती पंचनाम्यांत प्रेताला ‘बॅडली’ वास येत राहिला ते आता तपासता येणार नाही.

मराठीतल्या क्रियाविशेषणांची श्रीमंती इंग्रजीत नेतानाही मी बरंच बिघडवलं आहे. आपल्याकडे धाडकन, खाडकन, फाडकन, झटदिशी, मुसमुसत, घुटमळत, रडत-रडत असे शब्द बोलण्यात सहज येतात, आणि फिर्याद तर बोलण्यातूनच उतरते. सासरच्या जाचाच्या एका फिर्यादीत होतं की सासूनं धाडकन दार लावलं, दिरानं फाडकन थोबाडीत मारली आणि ती मुसमुसत बाहेर बसून राहिली. मी प्रत्येक शब्दाला एकेक क्रियाविशेषण शोधलं. सासूनं दार ‘सडनली’ लावलं, दिरानं ‘लाउडली’ मारलं, ती ‘क्रायिंगली’ बसली. वाचणाऱ्याला एकही प्रसंग दिसेना. वकीलसाहेब म्हणाले, ‘ताई, बाईंचं मराठी वाचलं की अंगावर काटा येतो, तुमचं इंग्रजी वाचून काहीच होत नाही.’

ते खरं होतं. इंग्रजीत हा आवाज बऱ्याचदा क्रियापदाच्याच पोटात असतो. दार धाडकन लावणं म्हणजे स्लॅम. मुसमुसणं म्हणजे सॉब. घुटमळणं म्हणजे हेझिटेट किंवा लिंगर, प्रसंग बघून. मराठी क्रियापद साधं ठेवून क्रियाविशेषणाकडून काम करून घेते, इंग्रजी नेमकं क्रियापद निवडते आणि क्रियाविशेषण वगळते. हे लक्षात आल्यापासून मी कच्चा खर्डा झाला की ‘ली’ने संपणारे शब्द लाल करते आणि प्रत्येकासाठी आधी क्रियापद शोधते. कितीतरी लाल शब्द पुसले जातात. फिर्याद त्या बाईच्या बोलण्याच्या जवळ येते.

सासरच्या जाचाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात ‘नेहमी’नं मला गोत्यात आणलं. ‘नवरा नेहमी दारू पिऊन मारायचा’ हे वाक्य आपण ऐकतो तेव्हा वारंवार, पुन्हापुन्हा असाच अर्थ घेतो. मी ‘ऑलवेज’ लिहिलं. गुन्हा रद्द करून घेण्यासाठी नवऱ्याकडचे लोक उच्च न्यायालयात आले होते. त्यांच्या वकिलांनी त्या ‘ऑलवेज’वर बोट ठेवलं: फिर्यादी दिवाळीनंतर दोन महिने माहेरी होती, मग नेहमी कसं? मूळ मराठीत तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. अतिशयोक्ती माझ्या शब्दात होती आणि ती तिच्या तोंडी गेली. आता ‘नेहमी’, ‘कायम’, ‘सतत’, ‘रोज’ हे शब्द आले की त्या जबाबात तारखा काय आहेत ते आधी बघते. ‘ऑफन’ आणि ‘रिपीटेडली’ या दोन शब्दांनी बहुतेक वेळा काम होतं. ‘ऑलवेज’ म्हणजे एकही अपवाद नाही, आणि असं माणसं क्वचितच बोलतात.

आता ‘ओन्ली’कडे येते. माझ्या कामातली ही सर्वांत मोठी चूक आणि ती दाखल झालेली.

शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात एक माणूस मेला. आरोपी तीन. शेजारच्या शेतातला एक साक्षीदार पोलिसांना म्हणाला होता, ‘आरडाओरडा ऐकून मी बांधावर आलो. आरोपी क्रमांक दोन याला मी फक्त पळताना पाहिलं.’ म्हणजे मारताना पाहिलं नाही. दोन नंबरच्या आरोपीनं जामिनासाठी अर्ज केला, तो सगळा या वाक्यावर उभा होता. मी भाषांतर केलं: ‘आय सॉ ओन्ली अ‍ॅक्यूज्ड नंबर टू रनिंग अवे.’

शब्द सगळे बरोबर. पण या वाक्याचा अर्थ असा की पळताना दिसला तो एकटा दोन नंबरचा; बाकीचे दोघे पळताना दिसले नाहीत. त्यानं मारलं की नाही याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही, उलट पळणारा तो एकटाच असं सांगून त्याच्यावरचा संशय वाढवतं. सुनावणीत वकिलांनी मुद्दा मांडला, न्यायमूर्तींनी पान उघडलं, आणि पानावर तो मुद्दा नव्हता. दुरुस्त भाषांतर दाखल करायला मुदत घ्यावी लागली. पुढची तारीख पडली. तोपर्यंत तो मुलगा तुरुंगातच राहिला.

दुरुस्त प्रत न्यायला वकिलांच्या कारकुनाबरोबर त्या मुलाचे वडील आले होते. काय चुकलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की शब्द बरोबर होता, पण जागा चुकली. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आम्हाला इंग्रजी येत नाही ताई, म्हणून तर कागद तुमच्याकडं दिला.’ आवाज चढवला नाही. मी माफी मागितली. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, पण त्यानं त्यांची तारीख काही परत येणार नव्हती.

त्या रात्रीपासून मी या एका शब्दाचा अभ्यास केला. आधी मराठीकडून. आपल्या व्याकरणात च, ही, मात्र, फक्त, केवळ, सुद्धा, देखील यांना शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. इतर शब्दयोगी अव्ययं जोडताना शब्दाचं सामान्यरूप होतं; शुद्ध अव्ययं जोडताना होत नाही, मूळ शब्द आहे तसाच राहतो. त्यांतले च आणि ही तर शब्दाला चिकटूनच येतात. ‘मी त्याला पळतानाच पाहिलं’, ‘मी त्यालाच पळताना पाहिलं’, ‘मीच त्याला पळताना पाहिलं’. तीन वाक्यं, तीन अर्थ, आणि शब्दांचा क्रम कसाही फिरवा, च ज्याला चिकटला आहे त्याच्याशी इमान राखतो. ‘फक्त’ चिकटत नाही, पण आपण तो सहसा ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याच्या लगेच आधी ठेवतो. मराठी माणसाला हे कुणी शिकवलेलं नसतं, जिभेला आपोआप येतं.

इंग्रजीत चिकटणारा च नाही. जे काम च करतो ते तिथे जागेला करावं लागतं. बोलताना तर इंग्रज माणूस ‘ओन्ली’ बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी ठेवून मोकळा होतो आणि ज्या शब्दाला मर्यादा घालायची तो जोर देऊन उच्चारतो. आवाजानं जागेची उणीव भरून निघते. कागदाला आवाज नसतो. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात म्हणूनच सांगितलं आहे की ‘ओन्ली’ ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या लगेच आधी ठेवावा. दुसरीकडे फाउलरनं १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात बोलीतल्या सवयीची बाजू घेतली: गैरसमजाला वाव नसेल तर ‘ओन्ली’ क्रियापदाजवळ राहिला म्हणून बिघडत नाही, उगाच तो ओढून हलवू नये. मी फाउलर वाचला होता आणि मला तो फार पटला होता. पण त्याची अट मी सोडून दिली होती. कोर्टातल्या कागदात गैरसमजाला वाव नाही असं वाक्य विरळाच, कारण दोन्ही बाजूंचे वकील तो वाव शोधायलाच बसलेले असतात.

आणि या प्रकरणात तर मी रेन-मार्टिनचाही नियम पाळला होता, फक्त शेजार चुकीचा निवडला. मर्यादा ‘पळताना’ला होती, मी ती ‘आरोपीला’ घातली. मग दुरुस्ती कशी करायची यावर वकिलांशी बराच खल झाला. ‘ओन्ली’ रनिंगच्या आधी नेला तर तो ‘नंबर टू’च्या लगेच मागे येतो. हिंदुस्थानी वाचक तिथे ‘दोन नंबरलाच’ असं वाचतो, कारण आपण भारतीय इंग्रजीत च म्हणून ‘ओन्ली’ शब्दाच्या मागे लावतो. हीसुद्धा माझी जुनी खोड. ‘तो घरातच होता’चं मी कित्येक वर्षं ‘ही वॉज इन द हाउस ओन्ली’ असं करत होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते कळतं. आपल्या इंग्रजीशी ओळख नसलेल्याला ते चमत्कारिक वाटतं किंवा भलतंच कळतं. शेवटी आम्ही वाक्याची बांधणीच बदलली: ‘ऑल आय सॉ अ‍ॅक्यूज्ड नंबर टू डू वॉज रन अवे.’ दोन नंबरच्या आरोपीनं जे काही केलेलं मी पाहिलं ते एवढंच, की तो पळाला. इथे ‘ओन्ली’ नाहीच, आणि मूळ मराठीचा अर्थ पूर्ण आहे. नव्या मुलांना मी हे वाक्य नेहमी दाखवते. क्रियाविशेषणाला जागा सापडत नसेल तर वाक्य मोडून पुन्हा बांधायला घाबरू नये.

‘नॉट’ हेही क्रियाविशेषणच आहे, हे मला बरीच वर्षं लक्षातच आलं नव्हतं. धनादेश न वटल्याच्या एका खटल्यात उलटतपासणीत फिर्यादी म्हणाला होता, ‘मला सगळी रक्कम मिळाली नाही.’ पुढच्या उत्तरांवरून स्पष्ट होतं की काही मिळाली, काही राहिली. मी लिहिलं, ‘ऑल द अमाउंट वॉज नॉट रिसीव्ह्ड.’ ते काहीच मिळालं नाही असंही वाचता येतं. ‘नॉट’ पुढे आणून ‘नॉट ऑल’ केलं असतं तर शंका उरली नसती. इथेही मराठीत बोलणाऱ्याचा सूर अर्थ सांगत होता, आणि तो सूर कागदावर उतरवायची जबाबदारी माझी होती.

कायद्याला क्रियाविशेषणांचं महत्त्व आपल्याआधी कळलेलं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं काही क्रियाविशेषणांच्या चक्क व्याख्या दिल्या: कलम २४ मध्ये ‘डिसऑनेस्टली’, २५ मध्ये ‘फ्रॉड्युलंटली’, ३९ मध्ये ‘व्हॉलंटरिली’. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या व्याख्या कलम २ मध्ये आल्या आहेत. ‘व्हॉलंटरिली’ला मराठीत इच्छापूर्वक म्हणतात. एका दोषारोपाच्या भाषांतरात ‘इच्छापूर्वक दुखापत’ हे शब्द आले तेव्हा, एकच शब्द सारखा यायला नको म्हणून, मी एका ठिकाणी ‘विलिंगली’ लिहिलं. शाळेतल्या निबंधात पुनरुक्ती टाळावी असं शिकवतात, ती सवय.

कलम ३९ मी त्या वेळी मुळातून वाचलं नव्हतं. त्यात एक उदाहरण आहे. एक माणूस जबरी चोरी सोपी व्हावी म्हणून मोठ्या शहरातल्या वस्तीच्या घराला रात्री आग लावतो आणि त्यात कुणी मरतं. मारण्याचा त्याचा हेतू नसेल, मृत्यूचं त्याला दुःखही झालं असेल. तरी आपल्या कृत्यानं मृत्यू होण्याचा संभव आहे हे त्याला माहीत असेल तर त्यानं तो मृत्यू इच्छापूर्वकच घडवला असं कायदा म्हणतो. ‘विलिंगली’मध्ये हे बसत नाही. राजीखुशीनं आणि इच्छापूर्वक यांच्यात तो आग लावणारा माणूस उभा आहे. व्याख्या दिलेलं क्रियाविशेषण जसंच्या तसं ठेवायचं, शंभर वेळा आलं तर शंभर वेळा, हे मी त्या उदाहरणावरून शिकले.

‘नोइंगली’वर तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. इग्नासियो फ्लोरेस-फिगुएरोआ हा मेक्सिकोचा नागरिक. नोकरीसाठी त्यानं मालकाला खोटी कागदपत्रं दिली. त्यांवरचे क्रमांक प्रत्यक्षात दुसऱ्या माणसांचे निघाले. तिथल्या कायद्यात दुसऱ्या व्यक्तीची ओळख जाणूनबुजून वापरणाऱ्याला दोन वर्षांची जादा शिक्षा आहे. प्रश्न हा की ‘जाणूनबुजून’ कुठपर्यंत पोचतं? वापरतो आहे हे माहीत असलं की पुरे, की तो क्रमांक खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हेही माहीत असायला हवं? २००९ मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हेही माहीत असायला हवं. इंग्रजी बोलणारा सामान्य माणूस अशा वाक्यातलं क्रियाविशेषण क्रियापदाबरोबर कर्मालाही लागू करतो. न्यायमूर्ती ब्रेयर यांचं ते निकालपत्र मी व्याकरणाच्या पुस्तकासारखं वाचलं. एका माणसाच्या आयुष्यातली दोन वर्षं एका क्रियाविशेषणाच्या आवाक्यावर ठरत होती आणि नऊ न्यायमूर्ती त्या आवाक्याचा विचार करत होते.

हे वाचल्यावर मला माझ्याच एका जुन्या कामाची आठवण झाली. साक्षीत होतं, ‘तिनं जाणूनबुजून खोट्या सहीचा कागद तलाठ्याकडे दिला.’ कागद दिला हे जाणून, की सही खोटी आहे हे जाणून? मराठीतच दोन्ही अर्थ निघतात. मी ‘नोइंगली सबमिटेड’ असं केलं, ते चूक म्हणता येणार नाही. पण तेव्हा मला वाक्यात दोन अर्थ आहेत हे दिसलंसुद्धा होतं. मी तळाला अनुवादकाची टीप लिहिली होती की मूळ वाक्याचे दोन अर्थ संभवतात. वकील म्हणाले, ‘मॅडम, ही टीप कशाला? समोरच्यांना आयता मुद्दा मिळेल.’ मी ती टीप काढून टाकली.

व्याकरणाच्या दृष्टीनं ती माझी चूक ठरणार नाही. पण इतर सगळ्या चुका मला माहीत नव्हतं म्हणून झाल्या; ही माहीत असून झाली. ‘खरे व बिनचूक’ या शब्दांखाली सही करून मी एका बाजूची सोय पाहिली. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही. तिला काय माहीत होतं हे ठरवायचं काम न्यायालयाचं होतं, आणि ठरवण्यासाठी वाक्यातली अडचण त्यांना दिसायला हवी होती.

आता काम घेतानाच मी वकिलांना सांगते की मूळ मराठी दोन्हीकडे झुकत असेल तिथे टीप येईल आणि ती राहील. काहीजण नाराज होतात. एकदोघांनी काम दुसरीकडे दिलं. मध्यंतरी एका प्रकरणात ‘त्यानं मुद्दाम गाडी मागे घेऊन मुलाला धडक दिली’ असं वाक्य आलं. मुद्दाम गाडी मागे घेतली, की मुद्दाम धडक दिली? मी फोन केला. वकीलसाहेबांनी अशिलाला विचारून सांगतो म्हटलं. मी म्हटलं, अशिलाला नका विचारू साहेब, जबाब आहे तसाच राहील, मी टीप लिहिते. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘लिहा. पण छोट्या अक्षरांत नको, नीट दिसेल अशी लिहा.’